शनिवारी आकाशदर्शन: नवीन सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार. पौष अमावास्येच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता पानशेतजवळच्या आपल्या नेहमीच्या माळावर जमायचं आहे. दुर्बीण नको, आधी डोळ्यांनी आकाश ओळखू. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर. हात ताठ धरून दोन मुठी मोजा, सापडतो! मृग नक्षत्रातले तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य हे दोन तारे नीट पाहा: निळा तारा जास्त तापलेला असतो. व्याध या ताऱ्याचा आज दिसणारा प्रकाश तिथून साडेआठ वर्षांपूर्वी निघालाय.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. मोबाइल कृपया बंदच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. स्वेटर, सतरंजी, पाणी आणा. मुलांना जरूर आणा. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं.