बिल यायच्या आधीचा खर्च

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, कन्सल्टंटला काम दिलं की बिल आल्यावर पैसे चुकते करायचे, यात सांभाळायचं काय? सांगते. सांभाळायचं ते सगळं बिल यायच्या आधीच असतं.

आम्ही क्लायंटकडून काम घेतो आणि ते बाहेरच्या तज्ज्ञाकडून, म्हणजे कन्सल्टंटकडून, करून घेतो. त्यामुळे करार दोन असतात, एक क्लायंटशी आणि एक कन्सल्टंटशी. दोन्ही शेजारी ठेवून कलमं ताडून बघायची. क्लायंटने एकूण रकमेवर मर्यादा घातली असेल आणि कन्सल्टंटच्या करारात नुसता तासाचा दर असेल, तर मधली तूट आपल्या पदरात पडते. प्रवासखर्चाचंही तेच. क्लायंट पावतीशिवाय देत नसेल, तर कन्सल्टंटलाही तीच अट हवी.

आता आकडे बघा. काम 400 तासांचं, कन्सल्टंटचा दर तासाला 100, क्लायंटला लावलेला 130. म्हणजे खर्च 40,000 आणि क्लायंटकडून जास्तीत जास्त 52,000. (इथे नफा 30 टक्के धरायची चूक फार होते. मिळकतीवर काढला तर तो 23 टक्केच भरतो.) 200 तास संपले, निम्मे पैसे शिल्लक, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण काम झालेलं असतं 35 टक्के! याच गतीने पुरं व्हायला सुमारे 571 तास, म्हणजे 57,100 लागतील. नफा तर गेलाच, वर 5,100 ची खोट. हे 200 तासांवर कळलं तर काम छाटता येतं, क्लायंटशी मर्यादेबद्दल बोलता येतं. 380 तासांवर कळलं तर दोन्ही दारं बंद झालेली असतात.

म्हणून दर आठवड्याला विचारायचं, ‘उरलेल्या कामाला आणखी किती तास लागतील?’ ‘किती टक्के झालं?’ असं विचारू नये. त्याला प्रत्येक जण ‘झालंच आहे’ म्हणतो.

बाबा, तुम्ही चेक दिलात की तो वटायची वाट न बघता रक्कम शिलकेतून वजा धरता ना? अगदी तसंच. या महिन्यातल्या कामाचं बिल पुढच्या महिन्याअखेर येतं, पण तास मंजूर झाले की खर्च याच महिन्यात मांडायचा. नाहीतर हिशेबात फायदा दिसत राहतो आणि दोन बिलं एकदम आली की तो नाहीसा होतो.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो तोंडी कामात. क्लायंटचा माणूस परस्पर कन्सल्टंटला फोन करतो, ‘तेवढं जरा बघून द्या.’ तो भला माणूस बघून देतो, तास लावतो, आणि क्लायंट म्हणतो आम्ही मंजुरी कुठे दिली? त्यामुळे कन्सल्टंटच्या करारात स्पष्ट लिहायचं, की आमच्या लेखी होकाराशिवाय केलेल्या वाढीव कामाचे पैसे मिळणार नाहीत. आणि तो होकार क्लायंटची सही हातात आल्यावरच द्यायचा.

काम संपलं की शेवटच्या बिलावर ‘अंतिम’ असं लिहून घ्यायचं आणि कन्सल्टंटला दिलेल्या ऑर्डरमध्ये, म्हणजे त्या कामासाठी मंजूर केलेल्या रकमेत, जे उरलं असेल ते रद्द करायचं. ती ऑर्डर उघडी राहिली तर पुढचं एखादं बिल कुणी न विचारता तिच्यातून पास होतं.

आई, गुडघ्यांना जप. बाकी फोनवर बोलूच.

तुमची,
लेक