हॉलची किल्ली दुसऱ्या कोणाला तरी दे

प्रिय बाळा,
सलाम.

फोन केला की तू "सगळं ठीक आहे मम्मी, एका ठिकाणी आलोय, रात्री करतो" म्हणतोस आणि ती रात्र काही येत नाही, म्हणून लिहायला बसले. रविवारी उपासना झाल्यावर खुर्च्या उचलताना तुला चक्कर आली आणि तू स्पीकरच्या पेटीवर डोकं धरून बसलास, लोकांना वाटलं पास्टर प्रार्थना करतायत म्हणून कोणी जवळ पण गेलं नाही, हे मला मावशीकडून कळलं. मावशीला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही आणि तूही शोधत बसू नकोस. सूनबाईवर चिडू नको, ती बिचारी तुझीच बाजू घेत होती, म्हणाली झोप कमी झाली असेल.

तब्येतीचं एवढंच विचारते आणि पुढे पत्रात तो विषय काढणार नाही. डॉक्टरकडे गेलास का? बीपी बघितलं का? रक्त तपासायला दिलं का? झालं, संपला विषय.

पप्पा कसे आहेत विचारशील तर मजेत आहेत. तू पहिला बाप्तिस्मा दिलास त्याचा व्हिडिओ त्यांनी इतक्या जणांना दाखवलाय की आता लोकच म्हणतात, आम्ही बघितलाय. ते स्वतः तुला काही बोलणार नाहीत. सेमिनरीला, पाळक व्हायच्या शिक्षणाला, जायचं म्हणालास तेव्हा पण ते काही बोलले नव्हते, नुसते उठून बाहेर गेले होते, आणि तुला वाटलं रागावले. रागावले नव्हते रे. मोठ्या मामांचं आठवलं असणार त्यांना. तुझ्या पाळकपणाच्या दीक्षेच्या दिवशी सगळ्या पाळकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवले तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते आणि पप्पा खाली मान घालून रुमाल शोधत होते.

मला तुझा आठवडा पाठ झालाय. सकाळची ऑफिसची अर्ध्या दिवसाची नोकरी, ती सुटत नाही कारण मूळ मंडळीची (चर्चची) मदत दरवर्षी कमी होत जाणार आहे आणि इथली अर्पणं अजून हॉलच्या भाड्यालाच कशीबशी पुरतात. दुपारनंतर घरभेटी, एका घरी आजारी, एका घरी नवराबायकोचं भांडण, एका घरी नुसतं कोणीतरी यावं एवढंच हवं असतं. मंगळवारी प्रार्थना सभा, गुरुवारी बायबल स्टडी, शुक्रवारी तरुणांची मीटिंग, आणि शनिवारी रात्री सगळे झोपले की तुझी रविवारच्या संदेशाची तयारी सुरू होते. रविवारी उजाडायच्या आधी तूच हॉल उघडणार, तूच खुर्च्या लावणार, तूच माइकची वायर ओढणार, कीबोर्डवाला आला नाही तर गाणं पण तूच सुरू करणार, मग संदेश देणार, प्रभुभोजन देणार, दारात उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवणार, आणि मग सगळ्या खुर्च्या परत एकावर एक रचणार कारण सोमवारी शाळेला तो हॉल लागतो. मी हे काही तक्रार म्हणून लिहीत नाहीये. चर्च सुरू करणाऱ्या प्रत्येक पाळकाचं असंच असतं, बिल्डिंग नसते, माणसं नसतात, सगळं अंगावर असतं, माहितीये मला. पण हॉलची किल्ली कोणाकडे असते? तुझ्याकडे. कोणता स्विच कशाचा ते कोणाला माहीत? तुला. आणि तू एक रविवार आजारी पडलास तर दार कोण उघडणार?

बघ, परत तिथेच आले.

तूच एकदा मोशेवर संदेश दिला होतास, मी रेकॉर्डिंग ऐकलंय. बायबलातल्या निर्गमाचा 18 वा अध्याय. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे न्यायनिवाडे करतोय आणि त्याचा सासरा इथ्रो भेटायला येतो, एक दिवस नुसता बघतो आणि सांगतो की तू करतोयस हे बरं नाही, तू पण थकून जाशील आणि हे लोक पण थकतील. हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम. तू त्यात पुढारी कसे नेमावे ते फार छान समजावलंस, फळ्यावर आकृती काढलीस म्हणे. पण मला त्यातलं एकच लागलं, की हे त्याला घरच्या माणसाने सांगावं लागलं. बाहेरच्यांना तर तो थकलाय हे दिसतच नव्हतं, ते आपले रांगेत उभे होते. आणि मोशेने ऐकलं, हे पण तिथेच लिहिलंय.

तुझ्याकडे हजार नाहीत, दहावर एक नेमायला दोन-तीन माणसं तरी आहेत ना? तो वर्कशॉपमधला मुलगा, दर रविवारी सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो असं तूच सांगितलंस. त्याला दे की किल्ली. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, प्रार्थना मोठ्याने करता येत नाही म्हणून तू थांबलायस, पण दार उघडायला आणि खुर्च्या लावायला बोलता यावं लागत नाही. कदाचित तो तेवढ्याचीच वाट बघत असेल. चुकेल एखाद्या वेळेस, उशीर करेल, माइक शिट्टी मारेल, मारू दे. येशूच्या प्रेषितांनी सुद्धा विधवांना रोजचं अन्न वाटायचं काम सात जणांना दिलं होतं, स्वतःच्या हातात ठेवलं नव्हतं.

आता तुला वाटेल मम्मी मलाच संदेश देतेय. पाळकाला बायबल शिकवायला निघाले, माफ कर.

पण अजून एक सांगून घेते, ते पैशाचं. अर्पणाची पेटी तू उघडू नकोस. दोन माणसांनी एकत्र मोजायची, दोघांनी सह्या करायच्या, खजिनदाराने बँकेत भरायची, आणि दर महिन्याचा हिशोब मंडळीसमोर वाचायचा, अगदी थोडीच माणसं असली तरी. तू म्हणशील आत्ता आहेच किती, पण थोडे असतानाच सवय लागते. तुझ्यावर कोणी बोट दाखवलं तर तू ते मनाला लावून घेशील आणि रात्रभर जागशील, मला ठाऊक आहे. ते पहिलं कुटुंब सोडून गेलं तेव्हा किती दिवस तू जेवणावरून उठायचास. त्यांनी जायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं हे खरंय, पण नव्या चर्चमध्ये सुरुवातीला येणारे सगळे राहायलाच येतात असं नाही रे. काही जण जुन्या मंडळीवर नाराज होऊन येतात आणि तीच नाराजी घेऊन पुढे जातात. त्यात तुझा संदेश कमी पडला असं नसतं.

आणि व्यासपीठावरून खुर्च्या मोजू नकोस. रेकॉर्डिंगमध्ये कळतं मला, पाऊस असला, सुट्टी असली, लोक कमी असले की सुरुवातीला तुझा आवाज खाली जातो. विल्यम कॅरी, ते इंग्लंडचे मिशनरी, 1793 मध्ये बंगालला आले आणि त्यांच्या हाताने पहिला बंगाली माणूस बाप्तिस्मा घ्यायला 1800 चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं. मधल्या काळात पोट भरायला निळीच्या कारखान्यात मॅनेजर होते, तुझ्यासारखेच नोकरी करून सेवा करत होते. प्रेषित पौल पण करिंथ शहरात अक्विला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवायचाच की. त्यामुळे नोकरी करतोस याची लाज वाटून घेऊ नकोस, परवा त्या मोठ्या चर्चच्या पास्टरने "फुल टाइम कधी येताय" विचारलं म्हणून तुझा चेहरा पडला होता असं सूनबाई म्हणाली (हे मात्र तिने सांगितलं, पण चांगल्या मनाने).

कॅरींचं निघालंच आहे तर पुढचं पण लिहिते, लिहू की नको असं झालं होतं. तुम्ही लोक कॅरींचं सगळं सांगता, भाषा, भाषांतरं, छापखाना. त्यांच्या बायकोचं, डोरथीबाईंचं कोण सांगतं? परक्या देशात आल्या, 1794 ला त्यांचा लहानगा पीटर आजाराने गेला, त्यानंतर त्यांचं मन जे बिघडलं ते शेवटपर्यंत बरं झालं नाही, 1807 ला त्या गेल्या. एका खोलीत त्या तशा आणि शेजारच्या खोलीत भाषांतर चाललेलं. मी कॅरींना नावं ठेवत नाही, माझी काय लायकी. पण मी आई आहे आणि आता सासू पण आहे, मला त्या दुसऱ्या खोलीचंच आठवतं. तुझी बायको बाळाला कडेवर घेऊन संडे स्कूल चालवते, येणाऱ्या-जाणाऱ्याचं बघते, मंडळीतल्या बायकांचे फोन घेते, आणि तिला कोणी विचारलं की तू कशी आहेस तर ती तुझ्यासारखंच "ठीक" म्हणते. तिने मंडळीला होकार दिला नव्हता, तुला दिला होता. तिला घेऊन कुठेतरी नुसतं फिरून ये. मंडळीतल्या कोणाच्या घरी नाही, आणि वाटेत कोणा आजाऱ्याला भेटून पुढे जाऊ असं तर अजिबातच नाही.

तू लहानपणापासून असाच. नाताळाच्या नाटकात मेंढपाळ झाला होतास, आठवतंय? घोंगडी अंगावर, हातात काठी, आणि मी मागून बघतेय की हा मुलगा थरथरतोय, वाटलं घाबरलाय. नाटक संपल्यावर हात लावला तर अंग नुसतं भाजत होतं. सकाळपासून ताप होता आणि तू कोणाला सांगितलं नव्हतंस कारण मेंढपाळ तीनच होते आणि एक कमी झाला तर दोनच उरतील. आजी सगळ्यांना कौतुकाने सांगायची ही गोष्ट, किती जबाबदार पोरगं. मला तेव्हाही कौतुक वाटलं नव्हतं, भीती वाटली होती. मोठ्या मामांसारखा चेहरा केला होतास तेव्हा अगदी. ते पण शेवटपर्यंत "काही नाही, जरा दम लागतो" असंच म्हणायचे, आणि त्यांच्या मंडळीने पण त्यावर विश्वास ठेवला, कारण पाळक खोटं बोलत नाहीत.

मी तुला सेवा सोड म्हणत नाहीये. हे मी दोनदा लिहिलं तरी वाच. मी एकदाही तसं म्हटलेलं नाही, देवाजवळ पण नाही. तू त्या हॉलमध्ये उभा राहून पहिल्यांदा "आपली मंडळी" म्हणालास तेव्हा मला जे झालं ते मला लिहिता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात तुमचा मुलगा एवढा शिकून हे काय करतोय, मी त्यांना सांगते या आणि एकदा ऐका. 

पौलाचा तरुण सोबती तीमथ्य तुझ्याच वयाचा असेल. पौलाने त्याला पत्र लिहिलं, मंडळीचे वडील म्हणजे पुढारी कसे नेमावे, विधवांचं काय करावं, खोट्या शिक्षणाचं काय, सगळी मंडळीची व्यवस्था चाललीये, आणि त्यातच मध्येच एकदम त्याच्या पोटाचं लिहितो. तुझं पोट, तुझे वारंवारचे आजार, नुसतं पाणी पीत बसू नकोस. पुढच्याच ओळीत परत मंडळीचा विषय. पूर्वी मला कळायचं नाही हे वाक्य तिथे कसं आलं. आता कळतं. पौल म्हातारा होत होता आणि पोरगं लांब एकटं इफिसात होतं. त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांची नावं दुसऱ्या पत्रात आहेत, विश्वासाच्या बाबतीत कौतुक केलंय त्यांचं. पण मला वाटतं त्या पण पोटाचंच विचारत असणार.

आणि स्पर्जन, इंग्लंडचे ते मोठे उपदेशक. पप्पांचे आवडते. 1854 ला लंडनच्या मंडळीत आले तेव्हा 19 वर्षांचे होते. 1856 ला सरे गार्डन्सच्या सभेत कोणीतरी आग आग ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, घरी जुळी मुलं एक महिन्याची. त्यानंतर काही दिवस त्यांना उभं राहता आलं नाही, आणि मनाचा तो आजार पुढे आयुष्यभर येत-जात राहिला. पण त्यांनी तो लपवला नाही, आपल्या विद्यार्थ्यांना, म्हणजे तुझ्यासारख्या होऊ घातलेल्या पाळकांनाच उघड सांगितलं की असं होतं आणि का होतं. हिवाळ्यात फ्रान्सला मेन्टनला विश्रांतीला जायचे, मंडळी त्यांच्याशिवाय चालायची. एवढ्या मोठ्या माणसाची चालली तर तुझी एक रविवार चालेल.

तू सगळ्यांचा पाळक आहेस, तुझा कोण आहे? मला म्हणजे आईबापांना धरू नकोस, आम्हाला तू खरं सांगत नाहीस. सेमिनरीतले ते सर आहेत ना, ज्यांच्याकडे तू रडला होतास, महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बस. त्यांना नंबर सांगू नकोस किती आले किती गेले, तुझं सांग.

आता ठरलेलं लिहिते. सोमवार तुझा. फोन सूनबाईकडे द्यायचा, कोणी गेलं किंवा कोणी हॉस्पिटलमध्ये आहे असं असेल तरच ती तुला देईल. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी धाकटे काका संदेश द्यायला यायला तयार आहेत, मी विचारलंय, तुला न विचारता विचारलंय, रागव हवं तर. तू खाली बस, बाळाला मांडीवर घे आणि ऐक. पप्पा पण येणार आहेत त्या दिवशी, म्हणाले खुर्च्या मी बघतो. त्यांच्या पाठीचं माहीत असून मी नाही म्हटलं नाही, कारण तुझ्या चर्चमध्ये काहीतरी करायला मिळेल म्हणून ते आत्तापासून इस्त्रीचे शर्ट बघतायत. किल्लीचं त्या मुलाशी त्याआधी बोल.

रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव. पप्पांना एकट्यांना पाठवू नकोस, ते मला सांगत नाहीत. ग्रुपवर पण नको. मला पाठव.

तुझी
मम्मी