कानात सांगायचं नाव

सांगली,
४ जानेवारी

प्रिय बंड्या,

फोनवर तू तीनदा विचारलंस, ‘नाव काय ठेवताय?’ आणि तिन्ही वेळा मी ‘कळवतो’ म्हणून सुटका करून घेतली. मी फोनवर बोलायला लागलो की मागच्या बाकावर ऐकू जावं असा आवाज लावतो, असं आईचं म्हणणं, आणि त्यानं पोरगी दचकून उठते. म्हणून हे पत्र. पहाटेचे साडेचार झालेत, ती माझ्या मांडीवर दुपट्यात गुरफटून झोपलीय आणि मी एका हातानं वही धरून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर कुरकुरू नकोस. जर्नलं उतरवून घेताना तुला हेच अक्षर चालत होतं.

दत्तजयंतीची रात्र, तीन वाजून गेलेले. नर्सबाईंनी बाहेर येऊन ‘लक्ष्मी आली’ म्हटलं आणि मला एकदम काय करावं ते सुचेना, म्हणून मी जिना चढून दवाखान्याच्या गच्चीवर गेलो. पश्चिमेकडे पौर्णिमेचा चंद्र, आणि त्याच्या प्रकाशातही न बुजलेली तांबूस रोहिणी. रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षं लांब. आई यंदा पासष्टची. म्हणजे आई जन्मली त्या सुमाराला तिकडून निघालेला उजेड तिच्या नातीच्या जन्माला इथं पोचला. हे मी खाली येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बरं झालं, वेळेवर आला. आता पेढे आण.’

गुरुजींनी पत्रिका मांडली, रोहिणीचा तिसरा चरण, अक्षर ‘वी’. मी भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यामुळे मी अर्थातच ‘अक्षरबिक्षर काही नाही’ म्हणून मोकळा झालो. मला नाव विज्ञानातलं हवं होतं, निदान विद्येतलं तरी. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लावला आणि जो जाईल-येईल त्यानं त्यावर लिहायचं, असं ठरवलं. ही चूक. आठ दिवसांत कागद पाठपोट भरला. मेधा, प्रज्ञा, मनीषा ही आपल्या पिढीची नावं. आपल्या वर्गात तीन मेधा होत्या आणि तिघींपैकी कोणती पास झाली हे सरांना कधी कळलं नाही. ऊर्जा आता प्रत्येक सोसायटीत एक आहे. माझ्या अकरावीच्या पोरांनी ‘रेणू’ सुचवलं आणि खाली बारीक अक्षरात ‘अणूंपासून बनलेली’ असं लिहिलं. तू पाठवलेली ‘त्रिज्या’ मला खरंच आवडली होती, ऐकायला गोड आहे. पण हिनं वाचल्या वाचल्या विचारलं, ‘आणि उद्या व्यास आडनावाच्या मुलाशी लग्न केलं तर? जन्मभर निम्मी?’ त्रिज्या बाद.

गार्गीवर आम्ही दोन दिवस घालवले. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला ‘हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय’ असं विचारत विचारत थेट ब्रह्मलोकापर्यंत नेणारी बाई. शेवटी तो म्हणतो, आता अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते, पण नंतर पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. मला ते पुन्हा उठणंच फार आवडतं. पण शेजारी एक गार्गी, हिच्या ऑफिसात एक, आणि माझ्या चुलतभावाची तर सख्खी गार्गी. सुट्टीत वाड्यात हाक मारली तर दोघी येतील.

कमला हे नाव मी तुझ्यामुळे लिहिलं. तू ज्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात सकाळी चालायला जातोस ना, तिथं १९३३ साली मुंबईहून कमला भागवत नावाची मुलगी प्रवेश मागायला आली. रामन यांनी ती मुलगी म्हणून नाही म्हटलं. ती हटली नाही, तेव्हा अटी घालून घेतलं, वर्षभर काम बघू मग ठरवू म्हणून. पुढे केंब्रिजला जाऊन त्याच कमला सोहोनींनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी, म्हणजे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन, असतं हे दाखवलं. दुर्गाबाई भागवतांची ही सख्खी बहीण. मी एवढं सगळं सांगितलं, आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडे कमल नावाच्या सासूबाई होत्या.’ तो सूर ऐकून मी पुढे बोललोच नाही.

आनंदी हिनं सुचवलं होतं आणि हिनंच मागे घेतलं. आपण शाळेत शिकलो ते एवढंच, की १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. रात्री पोरीला पाजता पाजता ही मोबाइलवर त्यांच्याबद्दल वाचत बसली. माहेरची यमुना, आनंदी हे नाव लग्नानंतर नवऱ्यानं ठेवलेलं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. स्वतः गेल्या तेव्हा बावीसही पुरी नव्हती. आमची तेव्हा नेमकी अकरा दिवसांची होती. हिनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘मोठी बाई आहे रे, पण आत्ता नको.’ शुक्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. शुक्रावरची विवरं बायकांच्याच नावांची असतात. मोठ्या विवरांना नामवंत बायकांची नावं, आणि वीस किलोमीटरपेक्षा लहान असतील त्यांना जगभरातल्या साध्या मुलींची नावं, कुणाही शेजारणीची असतील अशी. आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा बरी पद्धत.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. लीलावती. आठवतं, चाळीसगावला उतरून आपण पाटणादेवीला गेलो होतो? देवळात तो शिलालेख बघायला? भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. तू म्हणाला होतास, ‘आपल्या आजोबांची नातवंडं नुसती जमिनीसाठी भांडली.’ तर ‘लीलावती’ म्हणजे त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेलं पाटीगणित, अंकगणिताचा ग्रंथ. हरिणीच्या पाडसासारख्या चंचल डोळ्यांच्या मुली, १३५ ला १२ नं गुणलं तर किती ते सांग, असं त्यात ते लीलावतीला विचारतात. कुठल्या पाठ्यपुस्तकात मुलीला असं गणित घातलंय?

सगळ्यांना ती मोत्याची गोष्टही ठाऊक. लग्नाचा मुहूर्त मोजायचं घटिकापात्र, तिच्या अंगावरचा मोती निसटून त्याच्या भोकात अडकला, मुहूर्त टळला, आणि बापानं तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून ग्रंथ तिच्या नावानं लिहिला. पण ही गोष्ट येते ती १५८७ सालच्या फारसी भाषांतरात, अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या. मूळ ग्रंथानंतर चारशे वर्षांनी. आणि ग्रंथात भुंग्यांचं गणित आहे तिथं भास्कराचार्य तिला ‘कांते’ म्हणतात, म्हणजे प्रिये. मुलीला कोण असं म्हणेल? मला तर वाटतं, मुहूर्त चुकल्याशिवाय मुलगी गणित शिकणार नाही असं समजणाऱ्या कुणीतरी ती गोष्ट जोडली असावी.

हे सगळं मी जेवताना ऐकवत होतो. आई वाढता वाढता थांबली. म्हणाली, ‘लीला माझं नाव होतं.’

बंड्या, मी बेचाळीस वर्षांचा आहे. आईचं नाव सुमन. रेशनकार्डावर सुमन, पासबुकावर सुमन, तुळशीच्या कट्ट्यावर बाबांनी घातलेल्या फरशीवर सुमन. माहेरचं नाव दुसरं असणार एवढं डोक्यात कुठंतरी होतं, पण विचारायचं कधी सुचलंच नाही. मामा तिला ताई म्हणायचे, आजी बाय म्हणायची. तिनं सांगितलं, लग्नात परातीत तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीनं त्यात ‘सुमन’ लिहिलं, कारण जावेचं नाव आधीच लीला होतं आणि एका घरात दोन लीला नकोत. ‘दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला,’ ती म्हणाली. दहावीला गणितात तिला शंभरापैकी ९१ होते. ते प्रमाणपत्र लीलाच्या नावावर आहे. ते तिनं ट्रंकेतून काढून दाखवलं, घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली.

मी म्हटलं, मग ठरलंच, लीलावती. तर ती जवळजवळ रागावली. ‘माझं पुसलेलं तिला कशाला? तिला कोरं द्या. आणि असं द्या की कुणाला बदलावंसं वाटणार नाही.’

त्यानंतर फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला. हिनं आधीच एकदा सुनावलं होतं, ‘नाव तिचं आहे, तुझं व्याख्यान नाही.’ नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही भीती मला होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की भारी नाव ठेवावं आणि पोरीनं जन्मभर त्या नावाला हिशेब देत बसावं.

आता ऐक. बिभा चौधुरी हे नाव तू ऐकलंयस का? मी एमएस्सी करून, सोळा वर्षं शिकवून ऐकलं नव्हतं. कलकत्त्याची, १९१३ चा जन्म. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगकडच्या डोंगरांत फोटोच्या काचा नेऊन ठेवायच्या, अवकाशातून येणाऱ्या कणांनी त्यांवर उमटवलेल्या रेघा मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. रेघ कुठं वाकली, किती वाकली, ठिपके किती दाट. त्यावरून इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाचा कण असल्याचं त्यांनी मांडलं. पुढच्या कामाला चांगल्या प्रतीच्या काचा लागत होत्या आणि महायुद्धामुळं त्या मिळेनात. नंतर तशाच पद्धतीनं, सुधारलेल्या काचा वापरून ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी काम केलं आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाबाई मँचेस्टरहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ साली गेल्या तेव्हा आपण दोघं गोट्या खेळत होतो.

२०१९ साली एका ताऱ्याला त्यांचं नाव दिलं. आकाशात षडंश नावाचा एक फिकट तारकासमूह आहे, त्यातला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचा ग्रह दोन दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे तिथं एक दिवसाआड वाढदिवस. त्या ग्रहाचं नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं सुचवलेलं, संतमस.

बंगाली बिभा म्हणजे आपली विभा. उजेड. एवढंच. कुणाला बिभाबाई माहीत नसल्या तरी नाव अडत नाही, साधं दोन अक्षरी, हाक मारायला सोपं. माहीत असल्या तर बरंच. हिनं दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं, एकदा लाडानं आणि एकदा अभ्यासाला बोलावताना म्हणतात तसं, आणि म्हणाली, ‘चालेल.’ आईला आधी वाटलं विभावरीचं तोडलेलं रूप आहे. मी सांगितलं, विभावरी म्हणजे रात्र, ही नुसती विभा. मग तिच्या लक्षात आलं. ‘अरे, वी! गुरुजींचं अक्षर!’ मी म्हटलं हे ऱ्हस्व आहे. गुरुजींना फोन झाला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चालतं म्हणाले. अशा रीतीनं मी ज्योतिषाला ठाम विरोध करत करत अचूक त्याच अक्षरावर येऊन पोचलो, आणि आई हे आता दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. वर्गातली पोरं तर विचारतातच आहेत, ‘सर, धाकटीचं नाव विभवांतर का?’

बारसं सव्वा महिन्यानंतर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. आता तुझ्याकडे काम. मला बहीण नाही हे तुला माहीतच आहे, आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. चुलतबहीण दुबईहून येऊ शकत नाही. मी तुझं नाव काढलं तर हिची मावशी म्हणाली, ‘पुरुष आत्या?’ आई म्हणाली, ‘येऊ दे की. चार वर्षं दोघं एका ताटात जेवलेत.’ तेव्हा तू ये. पाळण्यापाशी वाकायचं, कानाशी ‘कुर्रर्र’ करायचं आणि नाव सांगायचं, बाकी काही नाही. फक्त एक, तू कानाशी तोंड नेलंस की मागून सगळ्या बायका तुझ्या पाठीत धपाटे घालतात, आणि हिच्या तिन्ही मावश्या गिरणीवाल्यांच्या घरातल्या आहेत. स्वेटर घालून ये.

घुगऱ्यांचे हरभरे आईनं निवडून ठेवलेत. पोरगी उठली. चुळबुळ चाललीय, आता भोंगा लागेल. गॅलरीतून स्वाती दिसतेय, वर आलीय बरीच; तिला दाखवून बघतो, तोवर दूध गरम होईल.

तुझा,
मास्तर