हॅरोचा निकाल आणि माझं मत

हॅरो, लंडन
9 मे 2022

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर मी इथल्या काउन्सिलच्या निवडणुकीत मत दिल्याचं सांगितलं आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग "बरं, आईशी बोल" म्हणालात. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी तुमच्या मनातलं. मी पासपोर्ट बदललेला नाही. तोच निळा, भारताचा, कपाटात आहे. इथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क आहे, काउन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. मलाही हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या गुजराती काकांनी सांगितलं. इदी अमीननं 1972 साली युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा ते इथे आले. "घरपट्टी भरतेस ना, मग मतदार यादीत नाव घाल," म्हणाले, आणि फॉर्म भरायला शेजारी बसले.

हॅरो हा लंडनचा एक बरो, म्हणजे आपल्या महापालिकेसारखंच. लंडनमध्ये असे 32 आहेत. कचरा, रस्त्यांची डागडुजी, वाचनालयं, बांधकामाच्या परवानग्या, म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन देखभाल, सगळं त्यांच्याकडे. पोलीस आणि बस मात्र नाहीत. चार वर्षांनी निवडणूक, आणि ती गुरुवारीच. सुट्टी नसते. सकाळी 7 ते रात्री 10 मतदान, त्यामुळे आम्ही दोघं कामावरून येऊन, चिनूला घेऊन, शाळेच्या हॉलमध्ये गेलो.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं इलेक्शन ड्यूटी केलीत, म्हणून हे तुम्हाला सविस्तर सांगते. टेबलाशी दोन बायका बसल्या होत्या. नाव-पत्ता विचारला, यादीवर पट्टी ठेवून नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. ओळखपत्र कोणी मागितलं नाही. (पुढच्या निवडणुकांपासून फोटोचं लागणार, तसा कायदा आत्ता एप्रिलच्या शेवटी झाला.) यंत्र नाही, शाई नाही. लाकडी फळ्यांचा आडोसा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. ती पेन्सिल हातात घेतली आणि मला तुमच्या पेट्या आठवल्या. लाखेनं सील केलेल्या त्या पेट्या घेऊन रात्री दीडला तुम्ही ट्रकमधून उतरायचात आणि आई भात गरम करायची. माझा हात थोडा थरथरला. चिनूला वाटलं मी चित्र काढणार आहे.

आमचा वॉर्ड तीन जागांचा. आपल्याकडे प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, तसं इथे नाही. सगळ्या उमेदवारांची एकच यादी, त्यातल्या कोणत्याही तिघांपुढे फुली मारायची, सगळ्यात जास्त मतं मिळालेले तिघं निवडून. मी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या नाहीत, एवढंच सांगते. कोणाला दिल्या ते विचारू नका. तुम्ही आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीत.

आता निकाल. हॅरोत सत्ता पालटली. काँझर्व्हेटिव्ह 31, लेबर 24, एकूण जागा 55. चार वर्षांपूर्वी 63 जागा होत्या, तेव्हा लेबर 35 आणि काँझर्व्हेटिव्ह 28 होते. खरी गंमत पुढे आहे. एप्रिलमध्येच पंतप्रधान बोरिस जॉन्सनना लॉकडाऊनमधल्या पार्टीबद्दल दंड झाला, तेव्हा सगळे म्हणत होते की लंडनमध्ये त्यांचा काँझर्व्हेटिव्ह पक्ष साफ होणार. बऱ्याच ठिकाणी झालंही तसंच. वेस्टमिन्स्टरचं काउन्सिल 1964 पासूनचं, ते पहिल्यांदा लेबरकडे गेलं. वाँड्सवर्थ 1978 पासून काँझर्व्हेटिव्हांकडे होतं, तेही गेलं. आमच्या शेजारच्या बार्नेटमध्ये लेबरला 63 पैकी 41 जागा मिळाल्या. आणि बार्नेटला लागून असलेलं हॅरो नेमकं उलट दिशेला गेलं.

का? मला जे दिसलं ते सांगते. इथे दारात जी बोलणी चालली होती त्यात बोरिस जवळजवळ नव्हतेच. दुकानांसमोर तासभर फुकट पार्किंग, वाढती घरपट्टी, स्टेशनाजवळचे उंच फ्लॅट, हेच. लोकांनी गल्लीचं मत गल्लीसाठी दिलं, असं माझं ठाम मत आहे, आणि मला ते फार आवडलं. एक उमेदवार बाई दोनदा दारात आल्या होत्या, एकदा भर पावसात. चिनूच्या शाळेबाहेरच्या क्रॉसिंगबद्दल मी बोलले तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या पडल्या. शनिवारी बेकरीत भेटल्या, तर म्हणाल्या, ती नोंद मी निवडून आलेल्यांकडे दिली आहे. मला भरून आलं.

बाबा, म्हणून मत दिलं. चिनू त्या रस्त्यावरून रोज चालत जाते. मी तिकडची राहिले नाही असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नाही. मतदान चुकवायचं नाही हे मी कोथरूडच्या घरातच शिकले.

आपल्या पुण्यात 14 मार्चला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले, हे वाचून वाईट वाटतं. आईनं सांगितलं की गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची तेच कळत नाही. 4 मेला, म्हणजे आमच्या मतदानाच्या आदल्याच दिवशी, सुप्रीम कोर्टानं दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करायला सांगितलं आहे. तारीख ठरली की लगेच कळवा. आई, तुझा गुडघा दुखतोय, तेव्हा जिना उतरायला सकाळी लवकर निघा आणि रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेव. परत आलात की दोघांच्या शाई लावलेल्या बोटांचा फोटो पाठवा. चिनूला दाखवायचा आहे.

तुमची,
मनू