आई, पाणी कुठं जातं ते सांगते

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "सारखं वितळतं वितळतं म्हणतेस, मग त्याचं पाणी कुठं जातं?" तेवढ्यात रेंज गेली ते बरंच झालं. पटकन उत्तर सुचलं नसतं.

अगं, मी ज्यावर प्रयोग करते तो खडा वितळत नाही. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा तो काळा तुकडा, कणीएवढा, अभ्रकासारखे पापुद्रे सुटणारा. उणे 180 अंशांच्याही खाली नेला की तो अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज अडथळ्याविना वाहते. मग चुंबकीय क्षेत्र त्यात शिरतं ते विजेच्या प्रवाहाचे बारीक बारीक भोवरे होऊन. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये हे कागदावर मांडलं होतं. भोवरे एकमेकांना ढकलतात, म्हणून त्रिकोणी जाळी धरून उभे राहतात; 20 गॉसच्या क्षेत्रात दोघांत अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं. तापवत गेलं की ती जाळी मोडते. वितळते ती जाळी.

बाबा, 1987 चं नोबेल याच जातीच्या पदार्थांच्या शोधाला मिळालं तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, आता तारेत वीज वाया जाणार नाही. गोम या भोवऱ्यांत आहे. ते सरकले की वीज वाया जातेच. त्यांना जागीच अडकवून ठेवावं लागतं.

1995 मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत झेल्डॉव्ह यांच्या गटाने खड्याला इवलेसे संवेदक लावून पाहिलं, तर वितळताना भोवऱ्यांची दाटी एकदम वाढली. म्हणजे पातळ झालेलं जास्त दाट, आपल्या बर्फ-पाण्यासारखं! मला मात्र त्यांचं 2001 चं काम जास्त आवडतं. थंडीत भोवरे वाटेल तिथं अडकून बसतात, त्यांची खरी मांडणी कळतच नाही. तू ज्वारी भरताना डबा आपटतेस ना, दाणे नीट बसावेत म्हणून? त्यांनीही आडव्या, मागेपुढे होणाऱ्या क्षेत्राने भोवरे हलवले. तेव्हा त्या थंडीत उलटंच दिसलं: थंड केल्यावर जाळी विस्कटते, तापवल्यावर जमते.

परवा चिमट्यातून माझा खडा उडाला. दीड तास बॅटरी घेऊन फरशीवर रांगत होते. तुझ्या नथीतला मोती पडला होता तेव्हा तू कुणाला केर काढू दिला नव्हतास, तसाच मीही दिला नाही. सापडला माझ्याच चपलेच्या तळाला.

तुमची,
सोनी