गुरुवारची रात्रपाळी

वसई,
झावळ्यांचा रविवार, २९ मार्च २०२६

प्रिय बाय,

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारची हॉस्पिटलची रात्रपाळी बदलून मिळाली नाही, त्या संध्याकाळी चर्चला येता येणार नाही, हे सांगताना काल तुझा आवाज भरून आला. फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आज तुझ्या वाटणीचीही झावळी आणली आणि घरच्या आल्तारावर क्रुसामागे खोचली. गेल्या वर्षीची वाळलेली झावळी मी चर्चमध्ये परत दिली होती. अशा झावळ्या जाळून केलेली राखच उपवासकाळ सुरू होताना राखेच्या बुधवारी कपाळावर लागते. ‘होसान्ना’ या जयजयकाराच्या आरोळ्यांची शेवटी राख होते, हे मला दरवर्षी नव्याने बोचतं. ज्या यरुशलेमेने रविवारी प्रभूच्या स्वागताला झावळ्या हलवल्या, तिथेच शुक्रवारी ‘क्रुसावर खिळा’ अशी ओरड झाली.

पण मला सांगायचंय ते गुरुवारचं. त्या रात्री शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्यांतला पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. पेत्राचं ते अवघडलेपण मी आपल्या घरात पाहिलंय. एका वर्षी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांत तुझ्या आजोबांचं नाव आलं. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेले पाय ते. टाचांच्या भेगांत केळीच्या चिकाचे काळे डाग बसलेले. दुपारभर विहिरीवर दगडाने घासत होते, पण डाग जाईनात. चर्चमध्ये पाय खुर्चीखाली ओढून बसले. फादरांनी गुडघे टेकले, पाय हातात घेतला, पाणी घातलं, पुसला आणि त्या भेगांवर ओठ टेकले. आजोबा सगळ्यांदेखत रडले. दुसऱ्याचे पाय धुणं एक वेळ सोपं गं, आपले तसले पाय दुसऱ्याच्या हातात देणं फार कठीण.

तेव्हा त्या बारांत बाया नसायच्या. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. २०१६ साली व्हॅटिकनने नियमच बदलला, बायांचेही पाय धुता येऊ लागले.

तू रात्री पेशंटचं अंग पुसतेस, त्यांचे सुजलेले पाय उशीवर ठेवतेस. कितीतरी जण लाजेने पाय आखडून घेतात, असं तूच सांगितलं होतंस. तेव्हा यंदा माझा गुरुवार चुकला, असं म्हणू नकोस.

आणखी एक. त्या रात्री खिडकीतून चंद्र बघ. येशूचं शेवटचं भोजन वल्हांडण या यहुदी सणातलं आणि वल्हांडण पौर्णिमेचा. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते ती या पौर्णिमेच्या हिशोबानेच. यंदा गुरुवारीच चैत्री पौर्णिमा आहे, बाहेर हनुमान जयंती असेल. अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली, त्या गेथशेमानेच्या बागेतही असंच चांदणं असणार. ‘तासभरही तुम्हांला माझ्याबरोबर जागता आलं नाही का?’ असं त्याने झोपलेल्या शिष्यांना तिथेच विचारलं. तू तर रात्रभर जागी असशील.

शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा नसतेच, आल्तार उघडा असतो, घंटा मुक्या. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटेल, त्यावर ईस्टरची मोठी पाश्कल मेणबत्ती लावतील. तिच्यावरून पेटवलेली माझ्या हातातली मेणबत्ती विझवून तशीच तुझ्यासाठी ठेवते.

रविवारी ड्यूटी सुटली की थेट ये. विरार लोकलमध्ये बसलीस की फोन कर, बाबा स्टेशनवर येतील.

तुझी,
आई