यादीवाल्या ताईंना, इंदूरहून

ताई, नमस्कार. तुमचा जुना नंबर लागत नाही आणि हॉस्पिटलात विचारलं तर म्हणाले त्या सोडून गेल्या, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. मी रामबागेतला, गालाचा कॅन्सर होता ना त्या काकांचा मुलगा, मे २०२० मधला.

बाबांची बायोप्सी आली आणि लगेच लॉकडाऊन. इंदूरचा कर्फ्यू तर किती कडक होता सगळ्यांनाच माहितीये, त्यात जिथे आधी तारीख मिळाली होती ते हॉस्पिटल कोविडसाठी गेलं आणि काउंटरवरून सांगितलं की प्लॅन्ड ऑपरेशन सगळी बंद, नंतर बघू. मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही फोनवर पहिलं काय विचारलंत तर तोंड किती उघडतं. बाबा आरशासमोर उभे राहिले, तीन बोटं उभी धरून घालायला गेले, दोनच गेली. तुम्ही म्हणालात मग हे थांबणारं नाही, जबड्यात गेलं तर ऑपरेशनच हातचं जाईल, आणि तुमच्या हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या यादीत बाबांचं नाव टाकलंत.

त्या यादीचंच मला जास्त कौतुक आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटपुढे दोन नंबर, एक घरचा, एक शेजाऱ्याचा, कारण खरगोन-धारकडच्या लोकांचा रिचार्ज संपला की तारीख कळवायची कशी? आयसीयूचे बेड मोजके, भूल देणारे डॉक्टर निम्मे कोविडकडे, म्हणून रोज ठरवायचं कोण आज, कोण नंतर. थायरॉइडवाल्या काकूंना तुम्ही मागे ठेवलंत, त्यांचा कॅन्सर हळू चालणारा म्हणून, काकू काय भडकल्या होत्या! पण त्यांना फोन करून त्यांच्या शिव्याही तुम्हीच ऐकायच्यात. स्टाफच्या दोन टीम आळीपाळीने, एकात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर दुसरी चालू राहावी म्हणून. दार वेगळं, ऑपरेशनच्या आधी आरटीपीसीआर, सोबत एकच माणूस. रक्ताचं तर विचारूच नका, कॅम्प बंद, ब्लड बँक रिकामी, तेव्हा तुम्ही लेटरहेडवर चिठ्ठी दिलीत आणि लोकमान्य नगरची पोरं ती पोलिसांना दाखवत रक्त द्यायला आली.

घरात मात्र रोज भांडण. आत्या म्हणायची, कॅन्सरने नाही तर करोनाने मारशील त्यांना. भीती खोटी नव्हती, त्याच महिन्यात लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं की ऑपरेशनच्या आगेमागे करोना झालेल्यांपैकी जवळपास २४ टक्के लोक महिन्याभरात गेले. तुम्ही वाद घातला नाहीत, एवढंच सांगितलंत की मुंबईला टाटामध्ये बंद केलेलं नाही. पुढे त्यांचे आकडे वाचले, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० मध्ये कॅन्सरची ४९४ मोठी ऑपरेशन्स, त्यानंतर एकही मृत्यू नाही. आणि २०२१ मध्ये ६१ देशांतल्या वीस हजार पेशंटचा अभ्यास आला, त्यात पूर्ण लॉकडाऊनमध्ये सातातल्या एकाचं ठरलेलं ऑपरेशन झालंच नव्हतं, आणि गरीब देशांत हे प्रमाण जास्त. ते वाचल्यावर तुमच्या रजिस्टरची पानं डोळ्यासमोर आली, खोडलेली नावं म्हणजे झालेली ऑपरेशन्स, तुम्ही लाल पेनाने खोडायच्यात.

बाबा मजेत आहेत. गालाला छातीचं मांस लावलंय त्यामुळे तिथे केस उगवतात, दाढी करताना स्वतःच हसतात. शेव चालत नाही, पोहे चालतात, तंबाखूचं नाव काढत नाहीत. पाच वर्षांचं चेकअप क्लिअर आलं.

तिथेच थायरॉइडवाल्या काकू भेटल्या, त्यांचंही नंतर नीट झालं. त्या तुमचा नवा नंबर मागत होत्या, म्हणे भांडण अर्धं राहिलंय. माझ्याकडे असेल तर ना! कुणी ओळखलं असेल तर प्लीज हे ताईंपर्यंत पोचवा, नाव मुद्दाम लिहिलं नाहीये, त्यांना ते आवडणार नाही.